घरचा संगणक आणि मुक्त सॉफ्टवेअरची निवड

एकत्र कुटुंबांत कोणतीहि वस्तु घेतांना आपण चार ठिकाणीं चौकशी करतों. तांदूळ घ्यावयाचा झाला तरी मूठभर हातावर घेऊन पाहतों. जुना आहे कीं नवा, याची खात्री झाल्यावांचून पोतें घरीं येत नाहीं. परंतु त्याच घरांतील संगणकांत कोणतें सॉफ्टवेअर आहे याची चौकशी सहसा कोणी करीत नाहीं. विकणाऱ्यानें जें घालून दिलें तें चालतें. कोणी परिचितानें चोरून प्रत करून दिली तर तीहि चालते. या उदासीनतेचा परिणाम काय होतो आणि तिला उपाय कोणता, याचा थोडा विचार येथें करावयाचा आहे.

प्रसंगहि तसाच आला आहे. ता. १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं मायक्रोसॉफ्टनें 'विंडोज १०' या प्रणालीचा नियमित आधार थांबविला. घरोघरींचे कित्येक संगणक पुढील आवृत्तीच्या अटींत बसत नाहींत. यंत्र धडधाकट आहे, पण त्याला भंगारांत काढा, असा सल्ला मिळतो. असा सल्ला मानण्यापूर्वीं दुसरा मार्ग आहे कीं नाहीं हें पाहणें गृहस्थाचें कर्तव्य आहे.

तो मार्ग मुक्त सॉफ्टवेअरचा. 'मुक्त' आणि 'मोफत' हे दोन निराळे शब्द आपल्या भाषेंत आहेत, हें आपलें भाग्य. इंग्रजींत एकाच शब्दावर दोन्ही ओझीं पडल्यामुळें तेथें फार घोटाळा होतो. मोफत वस्तूला मोल पडत नाहीं, एवढेंच. मुक्त वस्तु वाटेल त्या कामीं वापरावी, तिची घडण उघडून अभ्यासावी, शेजाऱ्याला प्रत द्यावी आणि सुधारणा करून ती सुधारलेली वस्तुहि इतरांना द्यावी, असे चार अधिकार मिळतात. अमेरिकेंत रिचर्ड स्टॉलमन यांनीं सन १९८३ मध्यें 'ग्नू' हा उपक्रम या तत्त्वावर जाहीर केला. सन १९९१ मध्यें फिनलंडमधील लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्यानें 'लिनक्स'चा गाभा तयार केला. आणि 'ओपन सोर्स' हें नांव सन १९९८ पासून रूढ झालें. आपल्याकडील शास्त्राध्ययनाला ही कल्पना परकी नाहीं. पाणिनीनें सूत्रें रचिलीं, त्यांवर कात्यायनानें वार्तिकें लिहिलीं, पतंजलीनें महाभाष्य केलें. मूळ ग्रंथ कुलुपांत असता तर पुढचे दोघे काय करते?

या भेदाचें महत्त्व केवळ तत्त्वापुरतें नाहीं. माटुंग्यांतील आमच्या परिचयाच्या एका घरीं सुमारें तीस वर्षांपूर्वीं वडील मंडळींनीं मोठ्या कष्टानें कुलवृत्तान्त जमविला. नऊ पिढ्यांचीं नांवें, कोंकणांतून कोण केव्हां मुंबईस आलें, कोणती मुलगी कोणत्या घरीं दिली, हें सर्व संगणकावर टंकून ठेविलें. ज्यांनीं तें जमविलें ते कालांतरानें निवर्तले. गेल्या वर्षीं नातवानें ती फाइल उघडली, तों पडद्यावर एकहि मराठी अक्षर नाहीं. रोमन अक्षरें, स्वल्पविराम आणि चित्रविचित्र चिन्हें यांची नुसती खिचडी! फाइल बिघडली नव्हती. युनिकोड हा जागतिक अक्षरसंकेत सन १९९१ मध्येंच निघाला आणि त्यांत देवनागरीला आरंभापासून स्थान होतें. तरी तो छापखान्यांत व दुकानांत रुळण्यास बरीच वर्षें लागलीं. तोंवर फॉन्ट करणारे लोक रोमन अक्षरांच्या जागीं मराठी अक्षरांचे तुकडे आपापल्या सोयीप्रमाणें बसवीत. तो फॉन्ट ज्याच्यापाशीं, त्यालाच तें लेखन वाचतां येई. सुदैवानें येथें फॉन्टचें नांव फाइलींत सांपडलें, जुना मजकूर युनिकोडमध्यें बदलून देणारें साधनहि मिळालें, आणि दोन रविवारांच्या कामानंतर कुलवृत्तान्त पुन्हां वाचतां येऊं लागला. रफार आणि जोडाक्षरें मात्र एकेक तपासावीं लागलीं. परंतु ज्या घरीं फॉन्टचें नांवहि सांपडणार नाहीं, तेथें वाडवडिलांच्या त्या लेखनाचा धनी कोण समजावा?

म्हणून सॉफ्टवेअर निवडतांना पुढील चार गोष्टी पाहाव्या. पहिली, परवाना : प्रोग्रामच्या माहितींत 'जीपीएल', 'एमआयटी', 'अपाचे' अशा प्रसिद्ध मुक्त परवान्याचें नांव असावें. नुसतें 'मोफत' लिहिलेलें असेल तर तें पुरेसें नाहीं. दुसरी, उगम : प्रोग्राम त्याच्या कर्त्यांच्या स्वतःच्या संकेतस्थळावरून, किंवा लिनक्स असल्यास त्याच्या भांडारांतूनच घ्यावा. शोध घेतांना सर्वांत वर जें दिसतें तें पुष्कळदां जाहिरात असते, आणि तेथील मोठें हिरवें बटण दाबल्यास नको तीं बांडगुळें यंत्रांत शिरतात. तिसरी, निगा : शेवटची आवृत्ति केव्हां निघाली तें पाहावें, वर्षानुवर्षें कोणी हात न लावलेला प्रोग्राम पडक्या वाड्यासारखा समजावा. चौथी, आणि आमच्या मतें सर्वांत महत्त्वाची, परतीची वाट : आंत घातलेलें लेखन दुसऱ्या प्रोग्रामांत नेतां येईल अशा खुल्या स्वरूपांत बाहेर काढतां आलें पाहिजे. या कसोटीसाठीं जोडाक्षरें भरपूर असलेला एक मराठी परिच्छेद घालून, जतन करून, पुन्हां उघडून पाहावा.

या कसोट्यांना उतरणारीं कांहीं साधनें सांगतों. पत्रव्यवहार आणि हिशेब यांसाठीं 'लिबरऑफिस' आहे. सन २०१० मध्यें तें 'ओपनऑफिस' या जुन्या शाखेंतून निघालें; त्याच्या आज्ञा मराठींतूनहि दिसतात, आणि त्याचें 'ओडीएफ' हें स्वरूप सन २००६ पासून आंतरराष्ट्रीय प्रमाण म्हणून मान्य आहे. गाणें व चित्रपट यांसाठीं 'व्हीएलसी' पुरे. तें पॅरिसच्या विद्यार्थ्यांच्या उपक्रमांतून निघालें. आजीच्या जुन्या कॅसेटवरील ओव्या किंवा मंगळागौरीचीं गाणीं संगणकावर उतरवावयाचीं असतील, तर टेपरेकॉर्डर तारेनें जोडून 'ऑडॅसिटी'मध्यें ध्वनि घ्यावा आणि खरखर कमी करावी. पुस्तकांचा संग्रह लावण्यास 'कॅलिबर' उत्तम. त्याचे कर्ते कोविद गोयल हे भारतीय आहेत, हें वाचकांस आवडेल. पंचांग पाहणाऱ्या घरीं 'स्टेलॅरियम' अवश्य असावें : तिथि कागदावर वाचून चंद्र त्या रात्रीं कोणत्या नक्षत्रापाशीं आहे, हें मुलांना पडद्यावर दाखवितां येतें.

संस्कृत ग्रंथांचा नाद असलेल्यांसाठीं 'टेसरॅक्ट' विशेष उपयोगी आहे. ह्यूलेट-पॅकार्ड या कंपनीनें तें सन १९८५ ते १९९४ या काळांत घडविलें व सन २००५ मध्यें मुक्त केलें. छापील पानाच्या चित्रावरून तें अक्षरें ओळखतें, आणि मराठी व संस्कृत दोन्ही वाचतें. स्वच्छ छपाई असेल तर श्रम पुष्कळ वांचतात. मोडी किंवा हस्तलेख यांच्यापुढें मात्र त्याची मात्रा चालत नाहीं.

शिकवील कोण, अशी शंका येईल. पवईच्या आय. आय. टी. मध्यें चाललेल्या 'स्पोकन ट्यूटोरियल' या उपक्रमानें लिनक्स, लिबरऑफिस इत्यादींचे छोटे दृक्श्राव्य पाठ तयार केले असून त्यांतील पुष्कळ मराठींत आहेत. घरांतील वृद्धांनीं आपल्या गतीनें ते थांबवून थांबवून पाहावे. शिवाय ज्या माटुंग्यांत सन १९२३ पासून व्हीजेटीआय उभी आहे आणि यंत्रें उघडून पाहणारी तरुण मंडळी रोज रस्त्यानें जातात, तेथें संगणकाचें झांकण उघडण्याची भीति कोणास वाटावी?

दुसरी बाजूहि सांगितली पाहिजे. कार्यालयाचें एखादें काम विंडोजवरच चालत असेल, एखादा जुना छपाईयंत्राचा संच लिनक्सशीं जुळणार नाहीं. म्हणून घाई करूं नये. वरील बहुतेक साधनें विंडोजवरहि चालतात. आधीं तीं अंगवळणीं पाडावीं. मग लिनक्स पेनड्राइव्हवरून, आंत कांहीं न बदलतां, चालवून पाहावें. आणि कायमचा बदल करण्यापूर्वीं सर्व कागदपत्रांची दुसरी प्रत निराळ्या डिस्कवर अवश्य ठेवावी.

मुक्त साधन घेणाऱ्यावर थोडें ऋणहि असतें. शक्य असेल त्यानें यथाशक्ति देणगी द्यावी. भाषा जाणणाऱ्यानें ओबडधोबड मराठी भाषांतर सुधारून पाठवावें. पण सर्वांत आधीं एक काम करावें : या रविवारीं घरांतील मंडळींनीं एकत्र बसून वीस-पंचवीस वर्षांपूर्वींच्या फाइली उघडून पाहाव्या. ज्या वाचतां येतात त्या खुल्या स्वरूपांत उतरवून घ्याव्या. ज्या येत नाहींत त्यांचे फॉन्ट कोणते होते, हें सांगणारें माणूस घरांत आहे तोंच विचारून ठेवावें.