स्पोर्ट्स कारसाठी स्पार्क प्लग कसा निवडावा?

स्पार्क प्लग ठिणगी टाकतो हे तुम्हाला माहीतच आहे. पण प्लग निवडताना खरा प्रश्न असतो उष्णतेचा. प्लगचं टोक साधारण ४५० ते ८५० अंश सेल्सिअस या दरम्यान राहायला हवं. त्याहून थंड राहिलं तर काजळी साचते, इंजिन अडखळतं. फार तापलं तर ठिणगीच्या आधीच मिश्रण पेटतं, आणि मग पिस्टनला भोक पडायला वेळ लागत नाही.

टोकाभोवतीचं चिनी मातीचं आवरण लांब असेल तर उष्णता हळू बाहेर जाते. तो 'हॉट' प्लग. आखूड असेल तर 'कोल्ड'. स्पोर्ट्स कारचं इंजिन जास्त तापतं, म्हणून त्याला बहुधा कोल्ड प्लग लागतो. टर्बो असेल तर गॅपही कमी ठेवतात, कारण दाबलेल्या हवेतून ठिणगी उडणं अवघड. इरिडियमचं टोक टिकतं जास्त, पण त्याने प्लग कोल्ड होत नाही बरं का!

घोळ होतो तो आकड्यांत. एनजीकेचा आकडा जितका मोठा तितका प्लग कोल्ड. बॉशचं नेमकं उलटं. त्यामुळे कंपनी बदलताना 'तोच नंबर द्या' असं दुकानात कधीच म्हणू नका.

माझदा आरएक्स-७ च्या रोटरी इंजिनात तर प्रत्येक रोटरला दोन प्लग असतात. १९९० च्या दशकातल्या मॉडेलला खाली एनजीकेचा ७ नंबर, वर ९ नंबर. काढताना खुणा करून ठेवा.