पळत्या पैशाचा पाठलाग

अब्दुल करीम तेलगीने १९९४ मध्ये मुद्रांक विक्रीचा परवाना मिळवला आणि त्याला अटक झाली ती २००१ मध्ये. मधल्या काळात त्याने छापलेले बनावट मुद्रांक देशभर पोचले. तरीही तपास सुरू झाला तेव्हा यंत्रे, कागद आणि खपलेले मुद्रांक असा ठोस मुद्देमाल पोलिसांना मिळू शकला. छापलेली वस्तू कुठेतरी उरतेच. आजच्या आर्थिक गुन्ह्यात ती सवलत नाही. म्हणूनच ऑनलाइन फसवणुकीविरुद्धच्या पोलिसी कामात १९३० ही हेल्पलाइन मला अटकसत्रांपेक्षा महत्त्वाची वाटते. चोर नंतरही सापडू शकतो, पण पैसा एकदा रोख होऊन बाहेर पडला की सहसा सापडत नाही.

पुण्याच्या कॉसमॉस बँकेवरचा हल्ला याचा सर्वांत स्पष्ट पुरावा आहे. ११ ऑगस्ट २०१८ रोजी चोरांनी बँकेच्या एटीएम स्विचला, म्हणजे व्यवहारांना मंजुरी देणाऱ्या यंत्रणेला, बगल देऊन आपला बनावट स्विच उभा केला आणि बनावट कार्डांवरच्या मागण्यांना तोच मंजुरी देत राहिला. काही तासांत २८ देशांतल्या एटीएममधून सुमारे ७८ कोटी रुपये निघाले, भारतात आणखी अडीच कोटी. १३ ऑगस्टला बँकांच्या ‘स्विफ्ट’ या आंतरराष्ट्रीय संदेशव्यवस्थेमार्फत १३.९२ कोटी हाँगकाँगमधल्या एका खात्यात वळवले गेले. पुणे पोलिसांनी चिकाटीने तपास केला आणि २०२३ मध्ये ११ आरोपींना शिक्षा झाली. पण रकमांकडे पाहा. हाँगकाँगला गेलेल्या पैशांपैकी सुमारे पावणेसहा कोटी परत आणता आले, कारण ते बँकेच्या खात्यात होते. परदेशी एटीएममधून हातोहात गेलेल्या नोटांच्या बाबतीत तसा मार्गच उरला नव्हता.

नेमका हाच धडा १९३० च्या रचनेत उतरला आहे. २०२१ मध्ये १५५२६० या क्रमांकाने सुरू झालेली ही सेवा केंद्रीय गृह मंत्रालयाच्या भारतीय सायबर गुन्हे समन्वय केंद्राच्या व्यवस्थेवर चालते. फसलेल्या माणसाने फोन केला की पोलीस व्यवहार क्रमांक, रक्कम आणि वेळ नोंदवतात व ती तक्रार थेट संबंधित बँकेच्या पडद्यावर जाते. पैसा तिथेच असेल तर बँक तो ‘होल्ड’ करते. पुढे गेला असेल तर कुठे गेला ते नोंदवते आणि तक्रार त्या पुढच्या बँकेकडे सरकते. चोरांनी भाड्याने घेतलेल्या बँक खात्यांची साखळी संपेपर्यंत हा पाठलाग चालतो. एरवी पत्रव्यवहारात आठवडे घालवणाऱ्या यंत्रणा इथे मिनिटांच्या हिशेबाने काम करतात, हे साधे यश नाही.

आकडे मात्र दिलासा देणारे नाहीत. २०२४ या एका वर्षात देशात सायबर फसवणुकीत सुमारे २२,८४५ कोटी रुपये गेले. सेवा सुरू झाल्यापासून २०२५ च्या मध्यापर्यंत वाचले ते साडेपाच हजार कोटींच्या आसपास. मग ही यंत्रणा अपुरी ठरली, असे कोणी म्हणेल. अपुरी आहेच. पण तोतया पोलिसांनी फोनवरून ‘डिजिटल अटके’ची भीती घातलेला निवृत्त माणूस लाजेने दोन दिवस गप्प बसतो, तेव्हा कोणतीही यंत्रणा हतबल होते. फसलेल्याला हावरट किंवा मूर्ख ठरवणारी आपली जीभ चोरांच्या पथ्यावर पडते.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. साखळीतले ५०० रुपये एखाद्या भाजीवाल्याच्या खात्यात यूपीआयने आले आणि त्याचे सगळे खातेच गोठले, तर त्याने काय करायचे? केरळ उच्च न्यायालयाने २०२३ मध्येच गोठवणूक वादग्रस्त रकमेपुरती ठेवण्याचा निर्देश दिला होता, आणि तो मला सर्वस्वी योग्य वाटतो. वेगाचे समर्थन करणाऱ्यानेच ही मर्यादा आग्रहाने मागितली पाहिजे. सरसकट गोठवणुकीने पैसा जास्त वाचत नाही, निरपराधांचा रोजगार तेवढा बुडतो. शिवाय होल्ड केलेली रक्कम म्हणजे परत मिळालेली रक्कम नव्हे. तिच्यासाठी अनेकदा न्यायालयाचा आदेश लागतो. फोनवर मिनिटांत अडवलेला पैसा मग बँकेतच महिनोन्‌महिने पडून राहू शकतो, आणि तक्रारदार पोलीस ठाणे, बँक व न्यायालय यांच्यात फेऱ्या मारत राहतो.