हिरे, हत्ती आणि लिंगोचं गाणं

चंद्रपूर-गडचिरोली म्हटलं की वाघ, सागवान आणि कोळसा डोळ्यांसमोर येतात. जुनी पोथी, जुना ग्रंथ म्हटलं की आपण पैठण, आळंदीचा रस्ता धरतो. वाचनाची हौस असेल तर एकदा या झाडीपट्टीकडेही वळा. या जंगलाबद्दल दोन हजारांहून अधिक वर्षं लोक लिहीत आले आहेत, आणि त्यातलं बरंचसं चक्क सरकारी कागदांत आणि हुकुमांत दडलेलं आहे.

पहिला हुकूम तर दगडावरचाच. नागभीड तालुक्यातल्या देवटेकला एक शिळा सापडली. तिच्यावर दोन लेख आहेत आणि दोघांमध्ये अंतर आहे सुमारे ६०० वर्षांचं! जुना लेख मौर्यकाळातला, ब्राह्मी लिपीतला, प्राकृत भाषेतला. त्यात चिकंबरी नावाच्या गावी प्राण्यांना पकडायला आणि मारायला बंदी घातली आहे. ज्या जिल्ह्यात १९५५ साली ताडोबा राष्ट्रीय उद्यान झालं, त्याच जिल्ह्यात सम्राट अशोकाच्या जमान्यात शिकारबंदीचा हुकूम कोरलेला होता. मला विचाराल तर ताडोबाच्या प्रत्येक प्रवेशद्वारावर या लेखाचं मराठी भाषांतर लावायला हवं.

त्याच शिळेवरचा दुसरा लेख चौथ्या शतकातला, वाकाटक राजा पहिला रुद्रसेन याचा. आता भाषा संस्कृत झाली आहे, पण गाव तेच आहे. लेखात राजाच्या तिथल्या धर्मस्थानाचा उल्लेख येतो. पुरातत्त्वज्ञ कनिंगहॅमने १८७७ च्या आपल्या ग्रंथात ही शिळा नोंदवली होती. तिचं नीट वाचन मात्र वासुदेव विष्णु मिराशींनी केलं. देवटेकजवळचं आजचं चिकमारा म्हणजेच लेखातलं ते जुनं गाव, हेही त्यांनीच दाखवून दिलं. कालिदासावर मराठीत ग्रंथ लिहिणारे मिराशी ते हेच.

लेख आणि अभ्यासक यांची अशीच एक जोडी भांदकची, म्हणजे आजच्या भद्रावतीची. राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याचे शके ६९४ चे, म्हणजे इ. स. ७७२ चे ताम्रपट इथे मिळाले. ते संपादित केले विष्णु सीताराम सुकथनकर यांनी. पुढे पुण्याच्या भांडारकर संस्थेत महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीची धुरा वाहिली, तेच हे सुकथनकर. हजारो श्लोकांचे पाठभेद तपासणारी नजर आधी भांदकच्या तांब्याच्या पत्र्यांवरून फिरली होती, हे किती जणांना ठाऊक असेल?

आता मोगलांच्या दप्तरात डोकावू. अबुल फजलच्या ‘आईन-ए-अकबरी’त वऱ्हाड सुभ्याच्या वर्णनात चांद्याचा, म्हणजे आजच्या चंद्रपूरचा, गोंड राजा भेटतो. त्याच्या पदरी १,००० घोडेस्वार आणि ४०,००० पायदळ! वैरागडला हिऱ्याची खाण आहे, तिथे नक्षीदार कापड विणलं जातं आणि या भागात रानटी हत्ती भरपूर आहेत, अशीही नोंद आहे. हे वैरागड आज गडचिरोलीच्या आरमोरी तालुक्यात आहे. गेल्या काही वर्षांत छत्तीसगडकडून रानटी हत्तींचे कळप गडचिरोलीत उतरू लागले, तेव्हा सगळ्यांना नवल वाटलं. अबुल फजलला वाटलं नसतं.

जाता जाता एक गंमत. मोगलीची नदी आठवते? किपलिंगच्या ‘जंगल बुक’मधली ती नदी आपली वैनगंगाच! सिवनीकडून निघालेली ही नदी खाली येऊन गडचिरोलीतल्या मार्कंड्याच्या देवळांपाशी उत्तरेकडे वळण घेते, पुढे वर्धेला मिळून प्राणहिता होते आणि सिरोंचाजवळ गोदावरीत विलीन होते.

आता या सगळ्यातलं माझं सर्वांत आवडतं पुस्तक. नागपूरचे स्कॉटिश मिशनरी स्टीफन हिस्लॉप गोंडांची भाषा, चालीरीती आणि कथा टिपून ठेवत होते. सप्टेंबर १८६३ मध्ये टाकळघाटची प्राचीन शिळावर्तुळं पाहून परतताना पुराच्या पाण्यात बुडून ते गेले. मागे राहिली टिपणं. मध्य प्रांताचे चीफ कमिशनर रिचर्ड टेंपल यांनी ती नीट लावली आणि १८६६ मध्ये छापली. त्यात गोंडांची गाणी गाणाऱ्या परधान समाजातल्या एका गायकाकडून मिळालेलं, गोंडांचा आदिपुरुष लिंगो याचं गाणं आहे, मूळ गोंडी शब्द रोमन लिपीत आणि सोबत इंग्रजी अर्थ. महादेव गोंडांना गुहेत कोंडतो. लिंगोचे सोबतीच त्याचा जीव घेतात, अमृताने तो पुन्हा उठतो. मग तो नागाला मारून एका महापक्ष्याची पिल्लं वाचवतो आणि गुहा उघडतो. महाकाव्याला आणखी काय लागतं? ती गुहा म्हणजे गोंदिया जिल्ह्यातलं कचारगड, अशी श्रद्धा आहे. माघी पौर्णिमेला तिथे गोंड समाजाची मोठी जत्रा भरते. मराठी शाळेत इलियडचं नाव कानावर पडतं. लिंगोचंही पडायला हवं.

दुसरं पुस्तक दिसायला अगदी रूक्ष, मेजर ल्यूसी-स्मिथचा १८६९ चा चांदा जिल्ह्याचा जमीनमहसूल अहवाल. शेतसारा ठरवायला बसलेल्या या साहेबाने लोकांच्या तोंडून चांद्याच्या गोंड राजांची वंशावळ गोळा केली. तिच्यात एकेका राजाची कारकीर्द इतकी लांबते की पुढच्या अभ्यासकांनी तिच्यावर शंका घेतली. तरी पुढचा जवळजवळ प्रत्येक लेखक तिथूनच सुरुवात करतो. गोंड जमीनदार बाबुराव शेडमाके यांचा इंग्रजांविरुद्धचा १८५८ चा उठावही याच अहवालात येतो. त्यांना २१ ऑक्टोबर १८५८ रोजी चांद्याच्या तुरुंगात फाशी दिलं गेलं. साहेबाच्या लेखी ते बंडखोर. वाचताना हे ध्यानात ठेवावं लागतं, आणि ठेवलं की त्या कोरड्या ओळींमधूनही बाबुरावांची जिगर दिसते.

हे सगळं झालं बाहेरच्यांनी लिहिलेलं. गोंडांनी स्वतः काय लिहिलं? त्याचा एक मोठा पुरावा चंद्रपूरच्या सीमेपलीकडे, तेलंगणातल्या आदिलाबाद जिल्ह्यात गुंजाला गावी मिळाला. तिथे गोंडी हस्तलिखितं सापडली, तीही स्वतंत्र लिपीतली. २०१८ मध्ये युनिकोडने, म्हणजे संगणकावरच्या लिपींच्या प्रमाणसंचाने, या गुंजाला गोंडी लिपीला जागा दिली. मंगलसिंग मसराम यांनी १९१८ मध्ये तयार केलेल्या दुसऱ्या गोंडी लिपीला ती एक वर्ष आधीच मिळाली होती. गुंजालाच्या हस्तलिखितांत चंद्रपूरच्या गोंड राजांची हकिगतही आहे. ती मराठीत छापून यावी आणि ल्यूसी-स्मिथच्या यादीशेजारी ठेवून ओळीने ताडून पाहता यावी. चंद्रपूर-गडचिरोलीच्या कुणा तरुण अभ्यासकाने हे काम लवकर हाती घ्यावं.