तीन अडीचे साडेसात

साडेसाती हा शब्द आपल्याकडे इतका मुरला आहे की, ज्याने कधी पत्रिका उघडलेली नाही असा गृहस्थही धंद्यात खोट आली की 'साडेसाती लागली' म्हणून मोकळा होतो. पण ही वर्षे साडेसातच का? सहा का नाहीत, दहा का नाहीत? मी हा प्रश्न अनेकांना विचारला आहे. बहुतेक जण नुसते हात जोडतात. उत्तर मात्र आकाशात आहे आणि ते साध्या अंकगणिताचे आहे.

सूर्य प्रत्येक ग्रहाला आपल्याकडे ओढतो. मग ग्रह सूर्यात जाऊन पडत का नाहीत? न्यूटनने १६८७ साली दिलेल्या उत्तराचा मथितार्थ असा की, ते सतत पडतच असतात! पृथ्वी एका सेकंदात सूर्याकडे सुमारे ३ मिलिमीटर पडते. पण तेवढ्याच वेळात ती आडवी ३० किलोमीटर पुढे गेलेली असते. पडणे आणि पुढे जाणे यांचा असा मेळ बसला की वाट वळत राहते आणि प्रदक्षिणा घडते.

शनी सूर्यापासून आपल्या साडेनऊपट दूर आहे. तिथे सूर्याची ओढ नव्वदाव्या हिश्शावर येते. एवढ्या दुबळ्या ओढीत प्रदक्षिणा घालायची तर चालही संथच हवी. ती सेकंदाला १० किलोमीटरहून थोडी कमी आहे. वाट साडेनऊपट लांब आणि चाल आपल्या एक-तृतीयांश, म्हणून एका फेरीला साडेएकोणतीस वर्षे लागतात. ती बारा राशींत वाटा. प्रत्येकीला अडीच वर्षे येतात. जन्मराशीच्या आधीची रास, जन्मरास आणि नंतरची रास मिळून तीन अडीचे साडेसात! दुर्बीण नसताना ही चाल मोजून ज्यांनी शनीला 'शनैश्चर', म्हणजे हळू चालणारा, म्हटले त्यांच्या चिकाटीला माझा नमस्कार.

शनी 'वक्री' होतो म्हणजे काय, तेही असेच सोपे आहे. एसटी पुढच्या बैलगाडीला मागे टाकते तेव्हा दूरच्या डोंगरापुढे ती गाडी क्षणभर उलटी सरकल्यासारखी वाटते. इथे एसटी आपली पृथ्वी आणि डोंगर म्हणजे तारे. जवळजवळ दर वर्षी पृथ्वी शनीला असे ओलांडते आणि सुमारे साडेचार महिने तो मागे जाताना दिसतो. खरा शनी पुढेच चाललेला असतो.

आता आणखी एक हिशेब. बारांपैकी तीन राशींना कायमच साडेसाती असते. म्हणजे कोणत्याही दिवशी चारांतल्या एका माणसाच्या मागे ती लागलेली असणार. शाळेतल्या वर्गात, कचेरीत, लग्नाच्या पंगतीत, सगळीकडे साधारण पाव माणसे! मग त्यांतल्या कुणावर तरी संकट येणारच. उरलेल्या तीन हिश्शांवर येते तसेच.

हे मी गमतीने लिहीत नाही. आमच्या नात्यातल्या एका काकूंनी साडेसाती संपू दे म्हणून गुडघ्याचे ऑपरेशन वर्षानुवर्षे पुढे ढकलले. तोवर जिना बंद झाला, मग देऊळही बंद झाले. शनीने त्यांचे काही बिघडवले नव्हते. बिघडवले ते वाट पाहण्याने.

श्रद्धा ज्याची त्याची. पण डॉक्टरांची तारीख, मुलीचे शिक्षण, बदलीची ऑर्डर यांचा निर्णय घेताना एवढे ध्यानात असावे, की तो पिवळसर, न लुकलुकणारा ठिपका सूर्याच्या ओढीने फिरतो आहे. आपल्या दाराकडे त्याचे लक्ष नाही.