मूत्रपिंड प्रत्यारोपण आणि वांशिक विषमता

उपचारांचा खर्च शासनाने उचलला की आरोग्यसेवेतील विषमता दूर होते, असा समज आहे. अमेरिकेतील मूत्रपिंड प्रत्यारोपणाचा अनुभव वेगळा आहे. तेथे १९७२ च्या कायद्याने मूत्रपिंड निकामी झालेल्या बहुतेक रुग्णांना ‘मेडिकेअर’ या सरकारी विम्याचे संरक्षण मिळाले. तरीही कृष्णवर्णीय रुग्ण प्रत्यारोपणात मागे राहिले.

याचे एक कारण मोजमापाच्या सूत्रात होते. रक्तातील क्रिएटिनिनवरून मूत्रपिंडाची कार्यक्षमता ठरविणाऱ्या २००९ च्या सूत्रात कृष्णवर्णीयांसाठी १.१५९ हा गुणक होता. त्यामुळे त्यांची कार्यक्षमता सुमारे १६ टक्के अधिक दिसे. डायलिसिसपूर्वी प्रतीक्षाकाल मोजला जाण्यासाठी ती २० किंवा त्याहून कमी असावी लागते. इतरांच्या बाबतीत १८ येणारा आकडा कृष्णवर्णीयांसाठी जवळपास २१ होई आणि मोजणी लांबणीवर पडे.

प्रत्यारोपणानंतर शरीराने नवे मूत्रपिंड नाकारू नये म्हणून सतत औषधे घ्यावी लागतात. परंतु केवळ मूत्रपिंडविकारामुळे पात्र ठरलेल्यांचे मेडिकेअर संरक्षण ३६ महिन्यांनी संपते. अन्य विमा नसलेल्यांना याची झळ बसली आणि विम्याविना राहणाऱ्यांचे प्रमाण कृष्णवर्णीयांत श्वेतवर्णीयांपेक्षा अधिक आहे.

२०२१ मध्ये वंशनिरपेक्ष सूत्र आले. जानेवारी २०२३ पासून अन्य विमा नसलेल्यांसाठी हप्ता भरून या औषधांपुरते संरक्षण उपलब्ध झाले. जुन्या सूत्रामुळे बुडालेला प्रतीक्षाकाल कृष्णवर्णीय रुग्णांना मिळवून देण्याची जबाबदारीही त्याच महिन्यापासून प्रत्यारोपण केंद्रांवर आली. सार्वजनिक योजनेचे मूल्यमापन करताना खर्चाच्या तरतुदीबरोबर पात्रतेचे निकष आणि लाभाचा कालावधीही तपासणे म्हणूनच आवश्यक ठरते.