नव्या गाडीला घाई नको!

दसरा किंवा पाडवा आला, की मोटारसायकलच्या शोरूमपुढे गर्दी उसळते. हँडलला हार, टाकीवर कुंकवाचं स्वस्तिक, चाकाखाली लिंबू! आणि मागे बसलेल्या पोराचं एकच टुमणं, "बाबा, पळवा ना जोरात!" पण बाबा कसले ऐकतात? काटा चाळीसच्या पुढे जाऊ देत नाहीत. शेजारून एखादी जुनी खटारा गाडीसुद्धा भुर्रकन निघून जाते. राग येतो ना? गाडी नवी कोरी, आणि चाल बैलगाडीची!

पण दोस्तांनो, बाबांचं बरोबर आहे. का, ते समजून घ्यायचं तर आपल्याला इंजिनाच्या पोटात शिरावं लागेल. चला तर!

इंजिनात सिलिंडर नावाची एक जाड नळी असते. तिच्यात पिस्टन वर-खाली होतो. साध्या शंभर सीसीच्या गाडीत तो एका वेळी साधारण पाच सेंटिमीटर सरकतो. म्हणजे तुमच्या खोडरबराएवढंच अंतर! आता एक गणित करा. इंजिन मिनिटाला ४००० फेरे घेत असेल, तर पिस्टन ४००० वेळा वर जातो आणि ४००० वेळा खाली येतो. मिनिटाला किती अंतर झालं? ४०० मीटर! तासाला २४ किलोमीटर! आणि तेही एवढ्याशा जागेत येरझारा घालून.

या पिस्टनला बांगड्यांसारख्या रिंगा असतात, बहुधा तीन. वरच्या दोन रिंगा जळत्या पेट्रोलचा दाब खाली निसटू देत नाहीत. तिसरी रिंग भिंतीवरचं जादा ऑईल निपटून काढते. रिंगा भिंतीला नीट चिकटून बसल्या, तरच गाडीला ताकद मिळते.

नव्या सिलिंडरची भिंत दिसायला चकचकीत असते. पण भिंगाखाली पाहिलं, तर तिच्यावर एकमेकींना छेदणाऱ्या तिरक्या, बारीक रेघा दिसतात. त्या कारखान्यात मुद्दाम पाडलेल्या असतात. कशासाठी? ऑईल धरून ठेवायला! या रेघांच्या कडांवर अगदी सूक्ष्म उंचवटे असतात. रिंगा घासू लागल्या, की उंचवट्यांची टोकं झिजतात, आणि रिंग व भिंत यांचं जमतं. या जमण्यालाच म्हणतात 'रनिंग-इन'.

घरचा पाटा टाकवून आणला, की आई काय करते? लगेच चटणी वाटत नाही. आधी थोडे तांदूळ वाटते आणि ते टाकून देते, कारण त्यात दगडाची कचकच असते. इंजिनाचंही तसंच. झिजलेल्या धातूचे बारीक कण ऑईलमध्ये उतरतात. म्हणून तर पहिल्या सर्व्हिसिंगला, बहुतेक गाड्यांत ५०० ते १००० किलोमीटरच्या दरम्यान, ऑईल बदलतात. "गाडी तर छान चाललीय," म्हणून ही सर्व्हिसिंग चुकवणं म्हणजे कचकचीत चटणी खाण्यासारखं!

आता एक गंमत. नवी गाडी फार पळवू नये, हे सगळ्यांना माहीत असतं. पण फार जपणंही वाईट, हे किती जणांना माहीत असेल? रिंगांना भिंतीवर दाबून धरतो तो जळणाऱ्या वायूचा दाब. इंजिनाला कामच दिलं नाही, तर रिंगा नीट टेकत नाहीत. मग भिंतीवर ऑईलचा काचेसारखा थर चढतो आणि रिंगा बसायच्या राहून जातात. पुढे गाडी 'ऑईल खाते', निळा धूर सोडते, ॲव्हरेज घटतं. शेवटी इंजिनाचं काम निघतं, आणि हप्ते फिटायच्या आधीच आई-बाबांच्या खिशाला चाट बसते. म्हणून गाडी नुसती जागेवर चालू ठेवल्यानं रनिंग-इन होत नाही, बरं का!

मग करायचं काय?

१. गाडीसोबत मिळालेली पुस्तिका वाचा. कुठल्या गिअरमध्ये किती वेग, ते बऱ्याच पुस्तिकांत दिलेलं असतं. तोच खरा नियम.

२. चालू केल्याबरोबर एक्सलेटर पिळू नका. ऑईल सगळीकडे पोचू द्या.

३. एकाच वेगात तासन् तास जाऊ नका. वेग थोडा कमी, थोडा जास्त होऊ द्या.

४. टॉप गिअरमध्ये गाडी रखडवू नका. इंजिन धडधडू लागलं, की खालचा गिअर टाका.

५. नव्या गाडीवर डबलसीट आणि वर सामान लादून खंबाटकी घाट चढायची घाई नको. कुलदैवताचं दर्शन दोन आठवड्यांनी घेतलं, तरी देव रागावत नाही!

नव्या टायरची पकड आणि नव्या ब्रेकची धारही सुरुवातीला कमीच असते. त्यामुळे पहिले काही दिवस वळणावर गाडी फार झुकवायची नाही आणि पुढच्या गाडीपासून जास्त अंतर ठेवायचं. विजेवर चालणाऱ्या गाडीत पिस्टन-रिंगा नसतात, पण टायर आणि ब्रेक असतातच. तेव्हा ही काळजी तिथंही घ्यायची.

आजकालची इंजिनं पूर्वीपेक्षा खूप नेमकी बनतात. तरीही कंपन्या रनिंग-इनचे नियम देतातच.

"पण सर, आम्ही काय करायचं? आम्हाला तर गाडी चालवता येत नाही!" खरं आहे. गिअरच्या गाडीचं लायसन्स १८ वर्षं पूर्ण झाल्याशिवाय मिळत नाही. मुलाच्या हाती गाडी दिली, तर २०१९ च्या कायद्यानुसार पालकांना २५ हजार रुपये दंड आणि तुरुंगवाससुद्धा होऊ शकतो. पण तुमच्यासाठी एक महत्त्वाचं काम आहे. एक वही घ्या. रोज संध्याकाळी गाडीचे किलोमीटर लिहा, पेट्रोल भरलं की लिटर लिहा आणि भागाकार करून ॲव्हरेज काढा. पहिल्या सर्व्हिसिंगचा आकडा लाल पेनानं लिहून ठेवा आणि तो जवळ आला, की बाबांना आठवण करा. दोन महिन्यांनी वही उघडून बघा. ॲव्हरेज वाढलं का? उत्तर तुम्हीच शोधायचं!