त्रिकोणाच्या गोधडीला कापड किती लागते?

खानदेशात गोधडी घरोघरी शिवली जाते. जुने लुगडे, साडी, शिंप्याकडची कात्रणे, जे हाती येईल ते बसवायचे. म्हणून कापडाचा हिशेब कुणी मांडत नाही. पण ऑर्डर घेऊन नव्या कापडाची, ठराविक आकाराच्या तुकड्यांची गोधडी शिवायची झाली, की हिशेब आधी करावा लागतो. तो चुकला तर आपली मजुरी कापडात जाते.

समजा, गोधडी 60 बाय 88 इंचांची आहे. तिच्यात 4 इंचांचे चौकोन आणि प्रत्येक चौकोनात दोन त्रिकोण, एक लाल, एक पांढरा. निम्मी गोधडी लाल, तेव्हा 36 इंच पन्ह्याचे लाल कापड दोन मीटर पुरेल, असे कोणालाही वाटेल. पण ते पुरत नाही. कारण शिवणीची माया.

चौकोनाला चारही बाजूंनी पाव इंच माया धरली की 4 चे साडेचार इंच होतात. त्रिकोणाला तिरप्या बाजूचीही माया लागते. म्हणून 4 इंच 7 सूत (8 सूत म्हणजे 1 इंच) असा चौकोन कापून तो कोपऱ्यातून कोपऱ्यात कापावा. त्याचे दोन त्रिकोण होतात.

आता मोजू. आडवे 15, उभे 22, म्हणजे 330 लाल त्रिकोण. त्यासाठी 165 चौकोन कापायचे. काठ सोडून 35 इंचांत एका ओळीला 7 बसतात, म्हणजे 24 ओळी. त्यांची लांबी 117 इंच, जवळजवळ 3 मीटर! सुती कापड धुतल्यावर आटते, म्हणून सव्वातीन मीटर घ्यावे. पांढरेही तेवढेच. अस्तर आणि दोरा वेगळा.

षटकोन किंवा पानाचा आकार असेल तर मायेसह पुठ्ठ्याचा साचा करावा, त्याभोवती आयत आखावा आणि तो आयत पन्ह्यात किती वेळा बसतो ते पाहावे. तुकडे एकमेकांत बसवून जे कापड वाचेल ते शिल्लक समजावे, हिशेबात धरू नये. कात्रणे किलोवर घेत असाल तर आधी एकच किलो आणून कापा आणि कामाचे तुकडे किती निघाले ते मोजा.

जळगावच्या फुले मार्केटमधून घ्या की धुळ्याच्या आग्रा रोडवरून, कापड एकदमच घ्यावे. ताका संपला की तीच छटा पुन्हा मिळेल याची खात्री नसते. भगिनींनी गिऱ्हाईकाला भाव सांगण्याआधी हा हिशेब कागदावर मांडावा. तोंडी अंदाजाने सांगितलेला भाव नंतर वाढवता येत नाही.